कराची की रंगून

खानापूरला लाकडाच्या वखारीला लागून दोन कौलारू खोल्या होत्या. त्यात आम्ही नऊ वर्षं राहिलो आणि माझी पहिली तिन्ही मुलं तिथंच झाली. माझे मालक वखारीत मोजणी कारकून होते. रानातून ओंडक्यांच्या गाड्या यायच्या. मालक टेप लावून प्रत्येक ओंडक्याची लांबी आणि घेर घ्यायचे, वहीत लिहायचे आणि टोकावर हातोड्यानं शिक्का मारायचे. मग तो माल रेल्वेनं पुढं जायचा. हे काम त्यांच्या आवडीचं होतं. ताज्या कापलेल्या टोकाला नाक लावून ते सांगायचे, हा साग चढावरचा, हा ओढ्याकाठचा. मी हसायचे. नंतर रानातून आलेल्या गाडीवानाला विचारलं की बहुतेक वेळा त्यांचंच खरं निघायचं.

मी उचगावची, शेतकऱ्याची मुलगी. आमच्या गावात ताप यायचा आणि जायचा. खानापुरात तो मुक्कामालाच असायचा. पाऊस सरला की गावातली निम्मी माणसं घोंगडी पांघरून ओसरीवर उन्हात बसलेली दिसायची. दुपारी थंडी भरायची, दातावर दात आपटायचे, मग अंग भाजायचं, मग घाम. दुसऱ्या दिवशी तोच माणूस कामावर आणि तिसऱ्या दिवशी परत घोंगडीत. पोरांचे हातपाय काटक्यांसारखे आणि पोट पुढं आलेलं असायचं. डाव्या बरगडीखाली हात लावला की पानथरी दगडासारखी लागायची. तापावरची कडू कोयनेलची पूड केळ्यात घालून मी पोरांना भरवायचे. ती केळं खायची आणि पूड थुंकायची.

एका कार्तिकात थोरला गेला. सात वर्षांचा होता. त्यानंतर वीस दिवसांनी धाकटा गेला, तो तीन वर्षांचा. मधली मुलगी पाच वर्षांची, ती तेवढी राहिली.

दवाखान्यातले डॉक्टर धारवाडकडचे. मराठी तुटक बोलायचे, पण जपून आणि खरं बोलायचे. मुलीचं पोट चाचपून ते म्हणाले, "बाई, गाव सोडा. हिची पानथरी वाढलेली आहे. औषध मी देतो, पण हवा कुठून देऊ? अजून एक पावसाळा इथे काढू नका."

बेळगावात मालकांनी खूप हिंडून पाहिलं. लाकडाशिवाय दुसरं काही येत नाही अशा माणसाला कचेरीत कोण घेणार? माझ्या भावाच्या शेतावर त्याचंच घर कसंबसं चालायचं. शेवटी मालकांनी दोन पत्रं टाकली. एक कराचीला. तिथं त्यांचा आतेभाऊ बंदरावर कारकून होता. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता, आपली बरीच माणसं तिकडं नोकरीला जायची. दुसरं पत्र रंगूनला. आमच्याच वखारीतले जुने हेडकारकून तिकडं सागाच्या व्यापारात गेले होते.

ज्येष्ठात एकाच आठवड्यात दोन्ही उत्तरं आली.

कराचीचं पत्र आटोपशीर होतं. बंदराच्या गोदामात माल मोजून घ्यायचं काम आहे. गव्हाची पोती, कापसाच्या गाठी. राहायला चाळीत खोली मिळेल, नळाचं पाणी आहे, मराठी शाळा आहे. पाऊस वर्षातून चार-दोन दिवस. हवा कोरडी, आमच्या घरात कुणाला हिवताप नाही. जागा दसऱ्यापर्यंत धरून ठेवतो.

रंगूनचं पत्र चार पानी होतं. मालकांनी ते मला दोनदा वाचून दाखवलं. नदीच्या काठानं कोसभर नुसते सागाचे ओंडके, ते ओढायला हत्ती. खांबांवर उभी केलेली लाकडी घरं. भात तर आपल्यापेक्षा चांगला. पाऊस, झाडं, मासळी, सगळं खानापूरसारखंच, फक्त मोठं. मोजणीतल्या थोरल्या जागेवर घेऊ. तापाबद्दल चार पानांत एक अक्षर नव्हतं.

त्या दिवशी दुपारी आम्ही वखारीतल्या एका ओंडक्यावर बसलो होतो. मुलगी भुशात घर करत होती. मालक म्हणाले, "तूच सांग आता. कुठं जायचं?"

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. मला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. शाळेतून चौथीनंतर काढलं तेव्हा नाही, लग्न ठरलं तेव्हा नाही. मी म्हटलं, "मला काय कळतंय त्यातलं? तुम्ही शिकलेले."

"पोर तुझी पण हाय. तू म्हणशील तिथं जाऊ."

"तुम्हाला कुठं जावंसं वाटतंय?"

"मला दोन्ही सारखंच," ते म्हणाले आणि उठून गाडी मोजायला गेले.

मी विचार करायला लागले. खरं सांगायचं तर विचार करण्यासारखं फार नव्हतं. डॉक्टरांनी कोरडी हवा सांगितली होती आणि कराची कोरडी होती. पण कराची म्हटलं की मला धास्ती वाटायची. मी शेतातली. डोळ्यांपुढं हिरवं नसेल तर मी जगेन कशी, चाळीत एका खोलीत दिवसभर काय करू, तिथली बोली कशी कळायची, असलं काहीबाही मनात यायचं. आणि मालकांचं रंगूनचं पत्र वाचतानाचं तोंड मी पाहिलं होतं. हत्तींच्या ओळीवर आले की त्यांचा आवाज बदलायचा. या माणसाला पोती मोजायला बसवायचं, या विचारानं मला वाईट वाटायचं.

आषाढाच्या तोंडाला मी मुलीला घेऊन उचगावला गेले. तिथं आमच्या वाड्याशेजारी एक म्हातारे शिपाई होते, पहिल्या लढाईत कराचीवरून बसऱ्याला गेलेले. त्यांना विचारलं.

"कराची? लई ऊन, लई वारं," ते म्हणाले. "भाकरी खाताना दातात वाळू कचकच करतीया. उंटं बघून घे."

"झाडं असत्यात का, आप्पा?"

"झाड? दोन-चार बघितल्यालं आठवतंय." मग त्यांनी मुलीकडं पाहिलं. तिचं पोट झग्यातून दिसत होतं. ते म्हणाले, "पण पोरी, तिथं आमच्या पलटणीत कुणाला ताप आला न्हाय. ताप आला तो बसऱ्यात."

एवढं ऐकल्यावर तरी मी घरी येऊन कराची म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. शिवाय उचगावात आणखी एक गोष्ट घडली, ती मला कागदावर उतरवायला फार वर्षं लागली. निघताना माझी वहिनी म्हणाली, "पोरीला ऱ्हाऊ दे की हितंच. तुमचं ठरंस्तवर माझ्या पोरांत खेळंल. भात लावायच्या दिसांत ओल्या खानापुरात कशाला नेतीस?"

मुलगी तर राहायला तयारच होती. मामाच्या बैलांपाशी तिचं मन रमलं होतं. मी मात्र तयार नव्हते. त्या दोन खोल्यांत गेलेल्या मुलांच्या मागं मी एकटी, बाहेर धो धो पाऊस, हे मला सोसवणार नव्हतं. "चार दिवसांचा तर प्रश्न आहे," असं वहिनीला सांगून मी मुलीला रडत रडत घेऊन आले. रडत होती ती. मी तिला डोक्यावर इरलं घेऊन कडेवर उचललं आणि चालू लागले.

घरी आल्यावर मी मालकांना म्हटलं, "रंगूनला तापाचं काय आहे ते विचारा. ताप नसला तर रंगून. असला तर कराची. मग माझ्या मनाला टोचणी राहणार नाही."

मालकांनी लगेच दौत-टाक घेतलं. त्याच दुपारी पत्र टपालात पडलं. आम्हा दोघांनाही हलकं वाटलं, जणू अर्धं काम झालं.

रंगूनचं टपाल जायला-यायला किती दिवस लागतात, याचा मी विचार केला नव्हता. आषाढ गेला. श्रावण लागला. मालक रोज स्टेशनवर जाऊन टपालाचं विचारायचे. एकदा कराचीचं पत्र आलं. मी विचारलं, "काय म्हणतात?" ते म्हणाले, "खुशाली कळवलीय." पत्र त्यांनी पेटीत ठेवलं. मीही पुढं विचारलं नाही. रंगूनच्या पत्रावर माझा सगळा जीव टांगलेला होता.

भाद्रपदात एका दुपारी मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आई, मला घोंगडं दे."

तापाच्या पहिल्या दोन पाळ्या नेहमीसारख्या गेल्या. मधल्या दिवशी उठून तिनं भात मागून खाल्ला. तिसऱ्या वेळी थंडी आली नाही, नुसतं अंग तापलं आणि तिची नजर फिरली. मला ओळखेना. मामाच्या बैलांना हाका मारायला लागली. डॉक्टर घरी आले, डोळ्यांच्या पापण्या वर करून पाहिल्या आणि म्हणाले, "डोक्यात चढला आहे. सकाळच्या गाडीनं बेळगावच्या मोठ्या इस्पितळात न्या."

सकाळच्या गाडीत भाजीच्या बुट्ट्या घेतलेल्या बायका होत्या. त्यांनी सरकून आम्हाला बाक दिला. मुलीचं डोकं माझ्या मांडीवर, पाय मालकांच्या मांडीवर. मालक तिच्या तळपायांना हात घासत होते. मी ओल्या फडक्यानं तिचं कपाळ पुसत होते. तिचा श्वास मोठ्यानं चालला होता आणि मला तो ऐकू येत होता तोवर मी बाहेर बघत होते. भातं पोटरीला आली होती. समोरची म्हातारी एकदम वाकली. तिनं मुलीच्या गालाला हात लावला आणि मला म्हणाली, "बाय, फडकं ऱ्हाऊ दे आता."

गाडी देसूरला थांबत होती. मालक म्हणाले, "उतरू या."

मी विचारलं, "इथं कशाला? बेळगाव कुठं आलंय?"

"उतर तू," ते म्हणाले.

मुलीला त्यांनी खांद्यावर घेतलं, झोपलेल्या पोराला घेतात तसं. दुधाचा तांब्या आणि तिच्या धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं गाडीतच राहिलं. ते पुढं बेळगावला गेलं असणार.

स्टेशनाबाहेर मच्छे गावचा एक शेतकरी गाडी जुंपून उभा होता. त्यानं आमच्याकडं पाहिलं आणि काही न विचारता गाडीतला पेंढा सारखा केला. त्याच्या गावच्या हद्दीत लहान पोरांना ठेवायची जागा होती, तिथं त्यानं नेलं. खड्डा त्यानं आणि मालकांनी मिळून खणला. जमीन ओली होती, फार वेळ लागला नाही. त्याची बायको घरून नवं कोरं खणाचं कापड घेऊन आली. "लेकीसाठी घेटलं हुतं, आक्का," एवढंच म्हणाली. तिनं पोरीचं नाव विचारलं, मी सांगितलं. ते तिनं हळू आवाजात दोनदा म्हटलं. नंतर आम्हाला तिच्या घरी नेऊन ताक दिलं. मी ते प्यायले. मला त्या वेळी तहान लागली होती याची मला अजून लाज वाटते.

आठव्या दिवशी रंगूनचं पत्र आलं. मालकांनी ते उभ्यानं वाचलं आणि माझ्या हातात दिलं. हेडकारकुनांनी लिहिलं होतं की उशीर झाला, आत रानात गेलो होतो. तापाचं विचारता तर खोटं कशाला सांगू, ताप आहे, खानापूरपेक्षा कमी नाही. माझी बायकोही गेल्या वर्षी त्यातच वारली. तरी काम चांगलं आहे.

मी पत्राची घडी केली. मालक म्हणाले, "दसऱ्याला अजून पंधरा दिवस हायत. कराचीला होकार कळवतो."

"आता कशाला?"

"मग इथं तरी कशाला?"

दसऱ्याच्या आधी आम्ही निघालो. पाच माणसांच्या घरातली भांडी दोघांना पुरतील एवढी ठेवून बाकीची उचगावला पाठवून दिली.

कराची म्हाताऱ्या शिपायांनी सांगितली तशीच होती. वारा दिवसभर वाहायचा, घडवंचीवरच्या अंथरुणावर वाळू साठायची. मला वाटलं होतं तसं काही झालं नाही. हिरवं नव्हतं म्हणून मी मेले नाही. शेजारच्या बायकांकडून चार सिंधी शब्द शिकले, नळावर नंबर लावायला शिकले. ताप नावाला नव्हता. चाळीतली पोरं ठणठणीत, पळायची, मारामाऱ्या करायची. त्यांच्याकडं बघत दारात उभं राहणं मला पहिली दोन वर्षं जमलं नाही. मालक पोती मोजायचे. घरी येऊन हातपाय धुवायचे आणि भिंतीकडं बघत बसायचे. आम्ही मुलीबद्दल बोलत नव्हतो. मी रंगूनला विचारा म्हटलं, मी तिला उचगावहून आणलं, हे मला माहीत होतं, आणि त्यांनाही माहीत होतं असं मी धरून चालले होते. त्यांनी मला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. हा माणूस देवासारखा आहे, असं मला वाटायचं.

तिसऱ्या वर्षी आम्हाला मुलगा झाला. बारशाला मालकांचे आतेभाऊ आले होते. पाळण्यात वाकून ते सहज म्हणाले, "वहिनी, तुम्ही वेळेत निघाला असता तर याची बहीण आज याला झोका देत असती. मी तर श्रावणात लिहिलं होतं, दसऱ्याची वाट बघू नका, लगेच या, खोली रिकामी झालीय म्हणून."

पाहुणे जेवून गेले. मी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबले. मालक गोदामावरून आले तेव्हा मी चुलीपाशी भाकरी थापत होते. मी विचारलं, "श्रावणातल्या पत्रात खुशालीच होती ना?"

ते तिथंच दारात बसले. पायातल्या वहाणाही काढल्या नाहीत.

"मला रंगून पाहिजे हुतं," ते म्हणाले. कराचीला आल्यापासून शहरी बोलणारा माणूस, पण त्या दिवशी तोंडात गावची बोली आली.

"मग तसं म्हणायचं की."

"तू म्हणशील म्हणून वाट बघत हुतो. तुझ्या तोंडात यायलंच हुतं."

"आणि मी म्हटलं नसतं तर?"

ते वहाणेचा पट्टा ओढत राहिले.

"तिकडं पोरीला काही झालं असतं तर मी म्हटलं होतं म्हणून झालं असतं. व्हय ना? म्हणून मला विचारलंत."

"तसं ठरवून केलं न्हाय मी," ते म्हणाले. "आईशप्पत, ठरवून न्हाय."

तव्यावरची भाकरी जळली. मी ती काढून दुसरी टाकली. मला त्यांना मारावंसं वाटलं आणि त्याच वेळी छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखंही वाटलं. तीन वर्षं मी एकटीनं जे वाहिलं होतं त्यात निम्मा वाटा यांचा होता आणि यांनी तो मला एकटीला वाहू दिला होता. पाळण्यात मुलगा रडायला लागला. मी त्यांना म्हटलं, "हात धुवा आणि त्याला घ्या." त्यांनी घेतलं.

मी त्यांना सोडून गेले नाही. जाणार कुठं, हा एक भाग झाला. दुसरा भाग असा की मुलीला खांद्यावर घेऊन गाडीतून उतरताना यांनी तिचं डोकं हातानं कसं सावरलं होतं ते मी पाहिलेलं होतं. पण त्यानंतर त्यांनी कुठलीही गोष्ट "तू सांग" म्हणून विचारली की माझ्या अंगावर काटा यायचा. मी सरळ सांगायचे, "आधी तुमचं सांगा." हळूहळू त्यांनी विचारणंच सोडलं.

पुढं दुसऱ्या लढाईत रंगून पडलं. तिकडची माणसं रानावनातून चालत हिंदुस्थानात आल्याच्या बातम्या येऊ लागल्या. आमच्या जुन्या हेडकारकुनांचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही. मालक म्हणाले, "बघ. गेलो असतो तर."

मी विचारलं, "काय बघू?"

त्यांनी टोपी घातली आणि गोदामावर निघून गेले.

सत्तेचाळीसच्या पावसाळ्यानंतर कराचीत राहायचं की निघायचं, हा प्रश्न चाळीतल्या प्रत्येक घरात होता. लोक आठवडे आठवडे खलबतं करत होते, कुणी म्हणे थांबू, कुणी म्हणे पुढच्या बोटीनं जाऊ. मालक एका संध्याकाळी आले आणि म्हणाले, "सामान बांध. परवाच्या बोटीची सोय झालीय." मला विचारलं नाही. मी बांधायला घेतलं. मी चिडले नाही आणि आभारही मानले नाहीत.

बेळगावात एका वखारवाल्यानं त्यांना ठेवून घेतलं. आम्ही शहरातच दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मुलगा अकरा वर्षांचा होता. त्याला इथलं सगळंच नवं, ओली माती, कौलं, कानडी-मराठी मिसळून बोलणारी पोरं. उचगावला मामाकडं गेला तेव्हा वहिनीनं बोलता बोलता त्याला सांगून टाकलं की तुला दोन भाऊ आणि एक बहीण होती. आम्ही त्याला कधी सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर तो माझ्यासमोर येऊन बसला. त्यानं तिघांची नावं विचारली, ती मी सांगितली. कशानं गेली ते विचारलं, तेही सांगितलं. मालक ओसरीवर वही घेऊन बसले होते. त्यांची लेखणी थांबली होती.

"कराचीत तर ताप नव्हता," मुलगा म्हणाला.

"नव्हता."

"आणि डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, गाव सोडा म्हणून?"

"हो. सांगितलं होतं."

"मग तुम्ही लगेच का नाही गेला?"

मी ओसरीकडं पाहिलं. मालकांनी मान वर केली नाही.

"आम्ही ठरवत होतो," मी म्हटलं.